आधार : नवरा

चाळीस दगडफुलांना नावं देऊन झाल्यावर एकेचाळिसावं दगडफूल बाईंना सापडलं, ते नवऱ्याच्या डाव्या कानशिलावर.

खरं तर त्या चष्मा शोधत होत्या. चष्मा नेहमीप्रमाणे डोक्यावर होता आणि त्या नेहमीप्रमाणे घरभर फिरत होत्या. तेवढ्यात खिडकीतलं ऊन नवऱ्याच्या डोक्यावर आलं. कानाच्या वर, जिथून केसांनी कधीच काढता पाय घेतला होता, तिथे कोटाच्या बटणाएवढी एक चकती दिसली. रंग राखाडी, मधे हिरवट, कडेला बारीक झालर.

"अहो, हलू नका," बाई म्हणाल्या.

"मी कधी हलतो?" नवरा म्हणाला.

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. जन्मभर एका छापखान्यात प्रुफं तपासून हा माणूस निवृत्त झाला आणि जो बाईंच्या मायक्रोस्कोपच्या टेबलामागे, खिडकीशेजारच्या खुर्चीत बसला तो बसलाच. हातात वर्तमानपत्र, कानामागे लाल पेन्सिल. ऱ्हस्वदीर्घ चुकलं की गोल करायचा, पान उलटायचं. केर काढणारी बाई त्याच्या पायांना वळसा घालून केर काढायची. पाहुणे आले तर आधी खुर्चीला नमस्कार करावा की माणसाला, अशा घोटाळ्यात पडायचे.

बाईंनी भिंग काढलं. दगडफूल म्हणजे काही फूल नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांनी एकत्र थाटलेला तो संसार असतो, आणि दगडावर, सालीवर, कौलावर कुठेही जमतो. वाढायला त्याला वर्षानुवर्षं लागतात. मागण्या फार नसतात. हवा स्वच्छ हवी, थोडा उजेड हवा, आणि कोणी हात लावता कामा नये. अशा संसारांमागे बाई आयुष्यभर डोंगर चढल्या होत्या, छिन्नी-हातोडीने दगड फोडून पिशव्या भरभरून घरी आणल्या होत्या. पण हे असलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

ओळख पटवायची म्हणून त्यांनी त्यावर रसायनाचा एक थेंब सोडला. थेंब लालबुंद झाला.

"चुरचुरतंय," नवरा म्हणाला.

"चुरचुरू दे. अहो, हे नवीन आहे! जगात कुठेच नाही असं!"

"माझ्यावर?" नवऱ्याने विचारलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की झालरीची कडा किंचित वर उचलली गेली. बाईंनी त्याला ताबडतोब हसायला बंदी केली.

मग त्यांनी पट्टी लावून चकती मोजली. दगडफूल दर वर्षी किती सरकतं हे त्यांना पाठ होतं, त्यामुळे वय काढायला वेळ लागला नाही. अकरा वर्षं. आनंद पोटात मावेना म्हणून त्यांनी दूरदेशी राहणाऱ्या लेकीला फोन केला. लेकीने सगळं ऐकून घेतलं.

"आई, अकरा वर्षं म्हणजे मी घर सोडलं तेव्हापासून. तेव्हापासून बाबांना कोणी हातच लावला नाही?"

"कडेची वाढ चहूबाजूंनी सारखी आहे," बाई उत्साहाने म्हणाल्या. "त्यावरून तरी तसंच दिसतंय."

आपण काय बोलून गेलो हे त्यांना फोन ठेवल्यावर कळलं. बाई चांगल्याच ओशाळल्या. पण शास्त्राचं काम पुढ्यात असलं की ओशाळायला सवड कोणाला असते? त्या परत भिंग घेऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या संस्थेचे संचालक घरी आले. बरोबर कपाटवाल्या बाईही होत्या. संस्थेतले सगळे वाळके नमुने त्यांच्या ताब्यात असत आणि किल्ल्यांचा जुडगा झोपतानाही त्यांच्या कमरेला असतो अशी वदंता होती. संचालकांनी नवऱ्याच्या कानाशी वाकून बघितलं आणि मान डोलावली.

"अप्रतिम. पण पाकिटावर आधार काय लिहिणार? म्हणजे कशावर उगवलंय?"

"नवऱ्यावर," बाई म्हणाल्या.

"तसा पर्याय नाहीये हो. खडक, साल, माती, कुजकं लाकूड, एवढंच आहे."

"कुजकं लाकूड चालेल मला," नवरा म्हणाला. तो त्या दिवशी फारच खुशीत होता.

कपाटवाल्या बाई मात्र खुशीत नव्हत्या. मूळ नमुना जमेल तिथे आधारासकट जमा करावा, असा त्यांच्याकडे नियम होता, आणि नियम म्हटला की त्यांचा जीव की प्राण. त्यांनी टेप काढून नवऱ्याची मापं घेतली.

"खणात बसायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "गुडघे दुमडले तर खालच्या कपाटात बसतील. पण तिथे नेचे आहेत. नेचे हलवायचे तर मला वरून परवानगी लागेल."

"आणि आधी वाळवावं लागेल," संचालक विचारात पडून म्हणाले.

"अहो, जिवंत आहेत ते!" बाई ओरडल्या.

"तीच तर अडचण आहे. जिवंत नमुना आपल्याला चालत नाही."

बराच खल होऊन अखेर ठरलं की नुसती चकती खरवडून दिली तरी चालेल. पण शुक्रवारी पाचच्या आत. शुक्रवारी बाई निवृत्त होत होत्या. पाच वाजता कपाटाला कुलूप लागलं की दगडफुलांचा सगळा विषय त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या बाईंकडे जाणार होता. वाळका नमुना कपाटात नाही तर नावही नाही, हा जगभरचा कायदा.

"मग नव्या बाई येऊन खरवडतील," संचालक जाता जाता म्हणाले. "हात जरा जड आहे त्यांचा, पण नाव छान देतात."

बाईंनी दार जरा जोरातच लावलं. शेवटचं दगडफूल, तेही स्वतःच्या घरात उगवलेलं, आणि नाव देणार ती कालची पोरगी?

तो आठवडा त्या घरात भलताच मजेत गेला. रोज सकाळी बाई स्टूल ओढून नवऱ्याच्या कानाशी बसायच्या. चित्र काढायच्या, वर्णन लिहायच्या, पाण्याचा बारीक फवारा मारायच्या. "आज रंग काय छान आलाय!" असंही म्हणायच्या. नवरा डोळे मिटून घ्यायचा. वर्तमानपत्रातल्या चुका तशाच राहू लागल्या.

गुरुवारी बाईंनी पातं उकळून आणलं, तर नवऱ्याने वर्तमानपत्र कानावर धरलं.

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"खरवडायचं नाही."

"अहो, दुखणार नाही!"

"दुखण्याचं कोण बोलतंय? आठवडाभर रोज माझ्याकडे बघतेस तू. रंग छान आलाय म्हणतेस. लग्न झाल्यापासून माझ्या रंगाबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नाही. आता खरवडलंस की पाकीट चिकटवशील आणि जाशील परत आपल्या दगडांकडे. मग मी काय करू? बसू परत अकरा वर्षं?"

बाई चिडल्या. उत्तर नसलं की चिडायचं ही त्यांची जुनी पद्धत. पण नवरा आज भलताच पेटला होता.

"चाळीस नावं दिलीस. पहिलं तुझ्या सरांचं. मग संचालकांचं, मग आधीच्या संचालकांचं. चिखलात रुतलेली जीप ढकलली म्हणून त्या ड्रायव्हरचं. डोंगरातल्या बंगल्यावर पाणी गरम करून दिलं म्हणून त्या बाईचं! सगळ्यांची प्रुफं मी तपासली. एका नावात काना राहिला असेल तर दाखव. आणि मी?"

"तुमचं आडनाव तेच माझं," बाई म्हणाल्या. "ते दिलं तर लोक म्हणतील, बाईंनी स्वतःचंच नाव लावून घेतलं. आम्हा शास्त्रज्ञांत ते अगदी हलकं समजतात."

"मग पहिलं नाव दे."

नवऱ्याचं पहिलं नाव बाईंना अर्थातच ठाऊक होतं. बँकेत, दवाखान्यात, लेकीच्या शाळेत त्यांनी ते शेकडो वेळा लिहिलं होतं. पण तोंडाने उच्चारलं मात्र एकदाही नव्हतं, आणि जे नाव तोंडाने घेता येत नाही ते बुरशीला कसं द्यायचं? त्या स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडून, त्या आवाजात त्यांनी ते नाव हळूच म्हणून बघितलं. कान गरम झाले. पुन्हा म्हटलं. मग पदराला हात पुसून त्या बाहेर आल्या, खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी नवऱ्याला नावाने हाक मारली.

नवऱ्याने पान उलटलं.

त्यांनी पुन्हा हाक मारली, चांगली खणखणीत.

नवऱ्याने खिडकीतून खाली डोकावून बघितलं. "कोणाला बोलावतेस? खाली कोणी आलंय का?"

"अहो!" बाई वैतागून म्हणाल्या.

"ओ," नवरा लगेच म्हणाला.

बाई मटकन स्टुलावर बसल्या आणि त्यांना हसू आवरेना. नाव मिळालं होतं. शास्त्रीय नावात पुरुषाच्या नावाच्या शेवटी ई लावायचा असा लॅटिनचा नियम, म्हणजे अहोई. जगातल्या यच्चयावत शास्त्रज्ञांना, ते कुठल्याही देशातले असोत, इथून पुढे बाईंच्या नवऱ्याला बाईंसारखीच हाक मारावी लागणार होती.

"अहोई," नवऱ्याने दोनदा म्हणून बघितलं. पेन्सिलीने वर्तमानपत्राच्या कडेला लिहून बघितलं. "छापल्यावर बरं दिसेल. ई दीर्घ ठेव." मग त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. "उद्या खरवड. माझी ना नाही." एवढं म्हणून त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. हा माणूस खूश आहे की दुःखी, हे बाईंना कळेना, आणि इतक्या वर्षांच्या संसारात आपल्याला ते कळत नाही याचं त्यांना पहिल्यांदाच फार वाईट वाटलं.

शुक्रवारी साडेचार वाजता सगळी तयारी झाली. संस्था रस्त्यापलीकडेच होती. पाकिटावर बाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, आधार : नवरा. पर्याय नाही तर नाही. त्या खुर्चीशी आल्या, पातं हातात घेतलं आणि कानशिलाशी वाकल्या.

"सावकाश गं," नवरा म्हणाला. "तुझ्या मानेवरची तर याच्यापेक्षा मोठी आहे."

पातं जागच्या जागी थांबलं.

"काय मोठी आहे?"

"चकती. अशीच. अंबाड्याखाली."

बाईंचा हात मागे गेला. अंबाड्याखाली बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. मग झालर लागली. ही बोटं डोळे मिटूनही चाळीस जाती ओळखायची. त्यांनी ओळखलं.

"कधीपासून?"

"मी निवृत्त झालो त्याच्याही आधीपासून. तू त्या मायक्रोस्कोपवर वाकलीस की दिसते. आणि तू सदा वाकलेलीच."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर त्याच दिवशी खरवडून पाकिटात घातली असतीस." नवऱ्याने खांदे उडवले. "मग मी बघायचं काय? ही खुर्ची इथे कशाला टाकलीय असं वाटलं तुला? उजेडासाठी? पेपरात चुका असून असून असणार किती?"

बाईंना एकदम रडू आलं. आपल्या मानेवर बरीच वर्षं कोणाचा हात फिरला नव्हता, हे तर झालंच. पण इतकी वर्षं कोणीतरी तिथे बघत होतं, आणि त्यांनी मान वर करून एकदाही विचारलं नव्हतं की काय बघताय.

फोन वाजला. कपाटवाल्या बाई होत्या.

"बाई, पाचाला दहा कमी आहेत. किल्ली हातात घेतलीय मी."

"आलेच," बाई म्हणाल्या आणि डोळे पुसून परत आल्या. त्यांनी पातं नवऱ्याच्या हातात दिलं, भिंग दिलं, स्टूल त्याच्यासमोर ठेवलं आणि त्यावर पाठमोऱ्या बसून अंबाडा वर धरला.

"तुमची राहू द्या," त्या म्हणाल्या. "माझी काढा. जात तीच, नाव तेच. फक्त आधारापुढचं 'नवरा' खोडून 'मी' लिहावं लागेल."

"मी कधी कोणाचं काही खरवडलेलं नाही."

"कडेपासून सुरू करा. पण लवकर."

नवरा खुर्चीत पुढे सरकला. बाईंना मानेवर त्याचा श्वास लागला, मग त्याच्या बोटांचा स्पर्श, आधी कडेला, मग मधे. रस्त्यापलीकडे संस्थेच्या पहारेकऱ्याने पाच वाजताची घंटा हातात घेतली असणार. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"थांब," नवरा म्हणाला. "अजून बघतोय."