चारशे बाराव्या पानावरची वात

मी एक कादंबरी बोलतेय. चांगली सहाशे चाळीस पानांची, कापडी पुठ्ठ्याची. पण माझ्याआधी एका नवसाचं सांगते. नेवाशाच्या रंगुबाईंनी तो गावच्या देवाला, माझ्यावर हात ठेवून बोलला होता.

“मोहिनीराजा, आजपास्नं दिवेलागणीला माझ्या दाराची कडी लागणार न्हाई. जीव हाय तवर.”

त्याला नारळ नव्हता, उपास नव्हता, उद्यापन नव्हतं. नवस म्हटला की काहीतरी मागायचं असतं. ह्या नवसात मागणं काहीच नव्हतं. मागायची वेळ निघून गेली होती.

माझी छपाई पुण्याची. अठ्ठ्याऐंशी साली एका खोक्यातून मी नेवाशाच्या वाचनालयात आले. ग्रंथपाल सूर्यभान यांनी माझ्या पहिल्या पानावर जांभळा शिक्का मारला आणि हातावर तोलून म्हणाले, “एवढं वाचायचं का उशाला घ्यायचं?”

माझ्या पोटात एक गड आहे, सुलतानांच्या अमलातला. गडाला वेढा पडतो. किल्लेदार मदत आणायला चोरवाटेनं बाहेर जातो आणि बायकोला बजावून जातो, “मी येईपर्यंत दार उघडायचं नाही. कुणालाही नाही.” चौथ्या दिवशी पायथ्याचं गाव जळतं. गावची माणसं कच्च्याबच्च्यांना घेऊन दाराशी येतात, दारावर हात आपटतात. किल्लेदारीण ऐकत राहते आणि शेवटी अडसर काढते. त्या गर्दीतून शत्रूची माणसं आत शिरतात. गड जातो. हे सगळं माझ्या चारशे बाराव्या पानावर आहे.

त्या पानानं गावात दोन तट पाडले, बाई! वाचनालयाच्या बाकावर रोज कचेरी भरायची. पोलिसातून निवृत्त झालेले एक जमादार म्हणायचे, “हुकूम म्हंजे हुकूम. तिला तोफेच्या तोंडी द्यायला पायजे हुती.” पोस्टमन म्हणायचा, “जमादार, तुमचं नातवंड बाहेर असतं म्हंजे?” “माझं नातवंड कशाला मरायला जातंय तिथं?” तिसऱ्या एकाचं म्हणणं निराळंच: “निम्मी पानं नुसत्या तोफांच्या वर्णनाची. लेखकाला कुणी आवरलंच न्हाई.”

तोंडानं भांडून पोट भरेना, तेव्हा माणसं माझ्या समासात भांडू लागली. निळ्या शाईत ‘बाई चुकली’. त्याखाली शिसपेन्सिलीनं ‘अजिबात नाही’. त्याखाली लाल शाईत ‘तुम्हाला इतिहास कळत नाही’. सूर्यभाननी भिंतीवर पाटी लावली, ‘पुस्तकात लिहिणाऱ्याची वर्गणी जप्त’. तर पाटीखालीही कुणीतरी लिहिलं, ‘बाई चुकली’.

मला मात्र एक दिसत होतं, ते कुणाच्याच ध्यानात येत नव्हतं. भांडणारे बहुतेक त्याच पानावर मला मिटून परत करायचे. चारशे बारापर्यंत माझी पानं तेलकट, दुमडलेली. पुढची पानं मात्र कोरी करकरीत.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात मार्थाबाईंनी मला घरी नेलं. त्या मिशनच्या शाळेत शिकवायच्या. त्यांच्या भिंतीला भिंत लागून रंगुबाईंचं घर. रंगुबाईंचं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळे एकेक अक्षर लावून वाचायच्या. पण ऐकायची हौस दांडगी. दुपारी तीनला मार्थाबाई माझ्यासकट रंगुबाईंकडे यायच्या, मी मोठ्यानं वाचली जायचे आणि रंगुबाई ऐकता ऐकता कापसाच्या वाती वळायच्या. मोहिनीराजाला लक्षवातींचा नवस होता. शंभर झाल्या की एक जुडी. ज्या पानावर वाचन थांबेल तिथं रंगुबाई खुणेला एक वात ठेवायच्या. इतक्या मऊ खुणेची मला सवय नव्हती.

थांबण्याचाही त्यांचा नेम होता. “बाई, लढाईवर नका मिटू. पोथी वाईट जागी मिटायची नसती. कुणाचं तरी चांगलं हुऊ द्या, मंग मिटा.”

“अहो, ही पोथी नाही, कादंबरी आहे.”

“असूद्या. तिच्यातबी माणसंच हायेत ना?”

मग मार्थाबाई हसून दोन पानं जास्त वाचायच्या. एखादं लग्न, एखादी पंगत लागली की मी मिटायचे.

लक्षवाती कशासाठी, तेही सांगते. आदल्या वर्षी त्यांच्या एकुलत्या लेकीनं, अश्विनीनं, जामखेडला शिक्षक असलेल्या संदीपशी लग्न केलं होतं. मुलगा गुणी, पण बौद्ध घरातला. रंगुबाईंचे मालक भाऊसाहेब साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. चार माणसांत बसणारे. ते म्हणाले, “ह्या दारात तिचं पाऊल पडलं तर माझं मेलेलं तोंड बघशील.” रंगुबाई उठल्या. देवळात गेल्या आणि लाख वाती बोलून आल्या, लेक घरी यावी म्हणून.

दिवाळीच्या आधी आम्ही चारशे बाराव्या पानावर आलो.  किल्लेदारणीनं अडसर काढला, मशाली आत घुसल्या, आणि रंगुबाई फाडकन म्हणाल्या, “चुकली. धन्यानं सांगितलं हुतं ना?”

“पण दारात लेकरं रडत होती, रंगुबाई.”

“रडूद्या. एकीनं दार उघडलं आन् सगळ्यांचं वाटुळं झालं. बाईमाणसानं असं करायचं नसतं.”

“मी असते तर उघडलं असतं.”

“तुमाला काय जातंय बोलायला?”

मार्थाबाई गप्प बसायला हव्या होत्या. पण त्या बोलून गेल्या. “म्हणून अश्विनीसाठी तुम्ही दार लावून घेतलंत का? वाती वळून देवाला कशाला त्रास देता? कडी तुमच्याच दाराला आहे.”

रंगुबाईंच्या हातातली वात सुटली. त्यांनी कापूस बाजूला सारला. मग म्हणाल्या, “उद्यापास्नं येऊ नका.”

मार्थाबाई तशाच उठल्या. मला उचलायचंही त्यांना भान राहिलं नाही. रंगुबाईंनी खाली पडलेली वात उघड्या पानावर ठेवली, मला मिटलं आणि देवघराशेजारच्या फळीवर टाकलं. जळणारं गाव, उघडं दार, शत्रूच्या मशाली. असल्या वाईट जागी मी पहिल्यांदाच मिटले.

फळीवर मी पुढे जवळजवळ दोन वर्षं राहिले. उदबत्तीचा वास माझ्या पानांत मुरला, रंगुबाईंचं बोलणंही मुरलं. वाचनालयातून दोन चिठ्ठ्या आल्या. त्या माझ्याखाली गेल्या.

त्या फळीवरून समोरचं दार दिसायचं. पंचाण्णवच्या कार्तिकात, नेमकी दिवेलागणीची वेळ. रंगुबाई समईत तेल घालत होत्या, भाऊसाहेब आतल्या खोलीत होते. दार वाजलं.

“आई, मी हाय. अशी.”

रंगुबाई दाराशी गेल्या. त्यांचा हात कडीवर गेलेला मी बघितला. दोन बोटांचं काम होतं ते.

“आई, मी आत न्हाई येत. पोरगी झालीया. परज्ञा ठेवलंय नाव. तेवढी दावून जाते.”

बाहेर तान्हं कुरकुरलं. रंगुबाईंनी मान वळवून आतल्या खोलीकडं पाहिलं. तिथून खोकल्याचासुद्धा आवाज नव्हता. बोटं कडीवर होती, पण कडी हलत नव्हती. मी पुठ्ठ्याचं पुस्तक. मला हाक मारता आली असती तर मारली असती.

“नगरची एसटी चुकंल आता,” बाहेरून आवाज आला. “दिवा लावलास का? लाव.”

पावलं गेली. रंगुबाईंनी दिवा लावला आणि वाती वळायला बसल्या. साठ हजार झाल्या होत्या.

पुढच्या श्रावणात मार्थाबाईंनी दोन वर्षांनी तो उंबरा ओलांडला. जामखेडहून संदीपचं पत्र त्यांच्या शाळेच्या पत्त्यावर आलं होतं. अश्विनीला काविळीचं निमित्त झालं. आठ दिवसांत सगळं आटोपलं.

ते दिवस कसे गेले ते मी सांगत नाही. चौदाव्या दिवशी रंगुबाईंनी फळीवरून मला उतरवलं, पदरानं पुसलं आणि मार्थाबाईंच्या मांडीवर ठेवलं.

“बाई, ही वाईट जागी मिटलीया. पुरी करा.”

मार्थाबाईंनी वात बाजूला केली. चारशे बाराव्या पानावर तिची बारीक पन्हळ उमटली होती. त्या वाचू लागल्या. भाऊसाहेब भिंतीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली, नजर जमिनीवर. माझी कोरी पानं एकेक करून उलटू लागली.

दहा पानं पुढे, चारशे बावीसवर, किल्लेदाराला कैद करून आणतात. त्याला बायकोपुढे उभं करतात. सगळ्यांना वाटतं, आता हा तिच्यावर थुंकेल. तो एवढंच विचारतो, “लोक आत आले होते का?” ती म्हणते, “आले होते. लेकरंही आली.” तो डोळे मिटतो. “बरं झालं. दार लावून घे म्हणून मी सांगून गेलो, आणि वाटभर हेच मागत होतो, की तू माझं ऐकू नयेस.”

मार्थाबाईंना पुढं वाचवेना.

तेव्हा भाऊसाहेब बोलले. पाहत जमिनीकडंच होते.

“त्या दिवशी मी आतल्या खोलीत हुतो. जागाच हुतो. कडीचा आवाज कवा येतोय म्हणून कान दिऊन बसलो हुतो.”

रंगुबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. “आवो, मंग बोलायचं की.”

“कसा बोलू? शपथ माझीच हुती. म्हटलं, तू उघडशील. तू उघडलं असतंस, तर मी काय बोललो नसतो गं.”

“आन् मी तुमच्या खोकल्याची वाट बघत हुते.”

एवढंच. रंगुबाईंनी पानातली वात उचलून तळहातावर घेतली. मग आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “लाख वाती बोलले हुते, लेक यावी म्हणून. देवानं चाळीस हजार बाकी असतानाच तिला दारात आणून उभी केली. मलाच कळलं न्हाई.”

आणि माझ्या पुठ्ठ्यावर हात ठेवून त्यांनी तो कडीचा नवस बोलला.

उरलेली पानं आम्ही महिनाभरात संपवली. मार्थाबाईंनी संदीपला कार्ड घातलं. दोन ओळींचं उत्तर आलं, ‘प्रज्ञा मोठी झाली की आणीन. आजीला सांगा.’ ते कार्ड आता देवघरात आहे, असं मार्थाबाई वाचनालयात येऊन सांगतात. दिवेलागणीला दार सताड उघडं असतं. कधी शेजारचं मांजर येतं, कधी वारा येऊन समई विझवतो. रंगुबाई पुन्हा लावतात. अजून कुणी आलेलं नाही.

मला वाचनालयात परत पाठवण्याआधी रंगुबाईंनी मार्थाबाईंचं पेन मागून घेतलं. चारशे बाराव्या पानावर, निळ्या, लाल आणि शिसपेन्सिलीच्या सगळ्या भांडणाखाली, एकेक अक्षर लावत लिहिलं: ‘मी उघडलं नाही. बाई बरोबर होती.’

सूर्यभाननी ते वाचलं. नियमाप्रमाणं वर्गणी जप्त व्हायची. त्यांनी मला मुकाट्यानं कपाटात ठेवलं.

आज शतक सरत आलंय. माझा कणा मोडलाय, शिवण सुटलीय, बाद पुस्तकांच्या यादीत माझं नाव चढलंय म्हणतात. बाकावरचे जमादारही आता नाहीत. त्या पानावर नवं कुणी काही लिहीत नाही. वाचतात, खालच्या दोन ओळींवर बोट ठेवतात आणि पुढचं पान उलटतात.

मी रद्दीत गेले तर जाईन. तुम्ही मात्र माझं एक ऐका. तुमच्या घराबाहेर तुमचं कुणी असेल, रुसून गेलेलं, हाकललेलं, तर लाख वाती वळायला बसू नका. आतल्या खोलीतल्या खोकल्याची वाट पाहू नका. रंगुबाईंसारखा एवढाच नवस बोला, पण त्यांच्यासारखा उशिरा नको. आज दिवेलागण व्हायच्या आत उठा, आणि दाराची कडी काढून ठेवा.