इरल्याखालची शर्यत

मित्रांनो, परवा एका पाहुण्यानं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही कसली टोपली?" टोपली! मी एक जुनं इरलं आहे. भर पावसात शेतात वाकून काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून पाठीवर बसतं ते इरलं. पाठ कोरडी राहते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. छत्रीला हे जन्मात जमलेलं नाही.

वेल्ह्याजवळच्या एका वाडीत सावळारामनं मला विणलं. बांबूच्या पातळ कांब्या, त्यावर पळसाची पानं, वरून पुन्हा कांब्या. बायकोसाठी, अंबूबाईसाठी, तिच्या खांद्याचं माप घेऊन तो दोन दिवस अंगणात बसला होता. सावळाराम आता नाही. ती पानंही कुजली, तेव्हा अंबूबाईनं त्यांच्या जागी खताच्या पिशवीचा कागद घातला. माझ्या पोटात प्लास्टिक आहे हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

माझं खरं काम आवणीचं. चिखलात भाताची रोपं लावतात, त्याला आमच्याकडे आवणी म्हणतात. बायका ओळीनं वाकतात, रोप रोवतात आणि एकेक पाऊल मागे सरकतात. एका पावसाळ्यात अंबूबाईची पाच वर्षांची नात, वैष्णवी, हट्टानं माझ्याखाली शिरली आणि आजीच्या पोटाशी वाकून रोपं रोवू लागली. दोनदा तिनं पाय पुढे टाकला, दोनदा पाठीत हलकीशी चापट खाल्ली.

"इरल्याखाली शिरलं की मागं सरायचं, वैशे," अंबूबाई म्हणाली. "फुडं पाय टाकलास तर आपनच लावल्यालं भात तुडवशील."

पोरगी गुणाची. तिसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

पुढच्या वर्षी ती पहिलीत गेली. घरात तोंडाचा पट्टा चालू आणि शाळेत मात्र मुकी. हजेरीलाही नुसता हात वर करायची. तिच्या अम्रीन मॅडम मूळच्या भोरच्या, वेल्ह्यात खोली घेऊन राहायच्या. त्यांनी गोष्टी सांगून पाहिल्या, खाऊ देऊन पाहिला. काही उपयोग झाला नाही.

जानेवारीत शाळेचे खेळ ठरले. शाळेत सामान म्हणाल तर हवा गेलेला एक चेंडू. मॅडम मुलांना म्हणाल्या, "घरात जे पडून आहे ते घेऊन या. आपण अडथळ्यांची शर्यत करू." मग काय, कुणी टेम्पोचं टायर लोटत आणलं, कुणी गुरांचं दावं, कुणी चमचा आणि लिंबू. टायरातून उडी मारायची, गुडघ्याइतक्या उंचीवर बांधलेल्या दाव्याखालून सरपटायचं, राखेच्या रेघेवरून लिंबू सांभाळत चालायचं आणि शेवटी फ्रिजच्या रिकाम्या खोक्यातून पार व्हायचं. खोक्यापुढे चुन्याची रेघ, तिथे शर्यत संपली.

वैष्णवी अंगानं बारकी. सरावात ती खोक्यातून अशी सुळकन बाहेर यायची की मोठी मुलं बघत राहायची. एक दिवस बाहेर येऊन ती ओरडली, "मॅडम, मी पयली!"

शाळेतले तिचे ते पहिले शब्द. मॅडम त्या संध्याकाळी मुद्दाम आमच्या घरी आल्या. मी पडवीत खुंटीला टांगलेलो होतो, सगळं ऐकलं.

"आज्जी, ती बोलली!" मॅडमचे डोळे भरून आले होते. "परवा सगळ्यांसमोर जिंकली ना, तर कायमची बोलायला लागेल. तुम्ही नक्की या."

"आमी सगळीच येनार वो मॅडम," अंबूबाई म्हणाली. "माज्या वैशीची शर्यत, म्या घरी बसंन व्हय?"

पण शर्यतीच्या सकाळी पाहावं तर रात्रभर मैदानात राहिलेलं खोकं दवानं भिजून पार मऊ पडलेलं. मॅडम कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. तेव्हा अंबूबाई लगबगीनं घरी आली आणि मला घेऊन गेली. शेवटचा अडथळा म्हणून मुलांनी मला पाठीवर घ्यायचं आणि वाकून रेघेपर्यंत जायचं, असं ठरलं. खरं सांगतो, मी फुगून गेलो. गावात सगळ्या बायकांनी प्लास्टिकचे कागद घेतले होते. मला कोण विचारत होतं? आणि आज सगळं गाव माझ्याकडे बघत होतं.

एकेकानं धावायचं आणि मॅडमनी मोबाईलवर वेळ लावायची. वैष्णवी सगळ्यांत लहान, म्हणून तिचाच पहिला नंबर. टायर, दावं, लिंबू, सगळं तिनं झटक्यात पार केलं. मग ती माझ्याखाली शिरली, वाकली, क्षणभर थांबली. आणि एक पाऊल मागे सरली.

मला वाटलं, शाब्बास! किती दिवसांनी ओळखीचं पाऊल पडलं. मी सुखावलो. शर्यत कशाशी खातात, हे मला कुठे माहीत?

"वैष्णवी, पुढे! पुढे ये, बाळा!" मॅडम ओरडल्या. तिनं पाय पुढे उचलला, तसाच धरला आणि पुन्हा जपून मागे टाकला. माझ्याखालून माणसाला स्वतःच्या पावलांशिवाय काही दिसत नाही. अशी मागे मागे सरत ती दाव्याला अडखळली आणि बसकन खाली पडली.

सगळं मैदान खो खो हसलं. अंबूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. शिकवलं तिनंच होतं, पण शेतातली गोष्ट तिला मैदानात आठवली नाही. वैष्णवीनं आजीचं ते हसू ओळखलं. इतरांचं तिला काही वाटलं नसतं. ती माझ्याखालून बाहेर आली, रडली नाही, भिंतीपाशी जाऊन बसली. त्यानंतर शाळेत ती एक शब्द बोलली नाही. जूनमध्ये तिच्या वडिलांना भोरला टेम्पोवर काम मिळालं आणि आईवडील तिला घेऊन तिकडे गेले, अंबूबाई वाडीतच राहिली. तिथल्या शाळेतही ती गप्पच असते, असा निरोप आला.

जुलैत आवणी चालू होती. रस्त्यावर एक स्कूटी थांबली आणि अम्रीन मॅडम रेनकोटात बांधावर आल्या. बराच वेळ त्या बायकांकडे पाहत राहिल्या.

"आज्जी," त्यांनी विचारलं, "तुम्ही सगळ्या मागे का सरकता?"

"आवो, फुडं सरलं तर लावल्यालं तुडवलं जाईल की," अंबूबाई म्हणाली. आणि तिच्या हातातली रोपांची मूठ तशीच राहिली. "अगं बया! माजी पोर बरोबर चालली हुती. आन म्या हसले वो, मॅडम. म्या बी हसले!"

मॅडमनी तिथेच वैष्णवीच्या आईला फोन लावला. अंबूबाईचे हात चिखलानं भरलेले, म्हणून त्यांनीच तो तिच्या कानाला धरला. माझ्या काठावरून पाणी गळत होतं.

"वैशे, तुजं चुकलं न्हवतं गं," अंबूबाई म्हणाली. "म्या शिकीवलं तसंच तू केलंस. म्या हसले ती माजी चूक. आयकतीस न्हवं?"

 पलीकडून सुनेचा आवाज आला, "आत्याबाई, ती मान हलवतीय."

"व्हय म्हून का न्हाई म्हून?"

तेवढ्यात रेंज गेली. मॅडमनी पुन्हा पुन्हा लावून पाहिला. लागला नाही. अंबूबाई वाकली आणि रोपं रोवू लागली. पाठ कोरडी होती, पण माझ्याखाली ती किती वेळ रडत होती ते मला माहीत आहे.

मित्रांनो, अडथळ्यांची शर्यत जरूर मांडा. टायर घ्या, गोणपाट घ्या, माझ्यासारखी जुनी इरलीही घ्या, आम्हाला बरंच वाटतं. पण एखादं लेकरू भलत्याच दिशेला चालू लागलं, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, "असं का करतेस, बाळा?" त्या दिवशी मैदानात एवढी माणसं होती, पण एकानंही विचारलं नाही. मला कारण माहीत होतं, पण बोलता येत नव्हतं.