दरोडेखोराने बुडायलाच हवे

गंगाधरपंत दिवसा कारकून आणि संध्याकाळी नाटककार. ठाकूरद्वारच्या खोलीत बसून त्यांनी विलायती गोष्टींची इतकी पुस्तके फस्त केली होती, की आगगाडीत दरोडा कसा घालावा याचे शास्त्र त्यांना तोंडपाठ झाले होते. दागिन्यांची पेटी हवी. ती सांभाळणारी एकटी, सुंदर मुलगी हवी. टपावर मारामारी हवी. मुलीचा डबा गाडीपासून सुटायला हवा आणि मोडक्या पुलाकडे घरंगळत जायला हवा. सुटलेला डबा नेमका पुलाकडेच कसा जातो असे कोणी विचारले, तर पंत शांतपणे म्हणत, "उतार आहे." आणि शेवटी दरोडेखोराने टपावरून खाडीत पडून बुडायलाच हवे. यातला एक नियम मोडलात तर नाटक परत घेईन, अशी त्यांनी कंपनीला तंबी दिली होती.

हा दरोडेखोर म्हणजे वरळीच्या कोळीवाड्यातला धोंडू. त्या भूमिकेला एकही पद नव्हते, म्हणून कंपनीतल्या गवयांपैकी कोणी ती घेईना. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, हाताला काम नाही, म्हणून धोंडू गिरगावात आला, मिशीला काजळ फासले आणि नाटकापायी पार वेडा झाला. आता नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. बाप दर्यावरून परतला नाही तेव्हापासून होडीवर एक माणूस कमी होता. आई, सोनूबाई, त्याला म्हणाली होती, "येते तुजा खेल बघायला. काम जमत असंल तर ऱ्हा, नायतर पुनवेला होडीवर."

त्या संध्याकाळी ती बायकांच्या बाजूला, अगदी पुढे, टोपली मांडीवर घेऊन बसली होती. पडद्याच्या फटीतून तिला पाहिल्यापासून धोंडू मिशीला पुन्हा पुन्हा काजळ फासत होता.

बांबू आणि रंगवलेल्या कापडाची आगगाडी मोठ्या झोकात आली. इंजिनात राळ पेटवली होती, तिच्या धुराने पहिल्या रांगेतले शेटजी खोकून लाल झाले. डब्यात सुंदर मुलगी म्हणून रमाकांत बसला होता, तो पेटी उराशी धरून जमेल तितक्या नाजूक आवाजात किंचाळला. धोंडूने डबा सोडवला आणि सुरा उगारून टपावर चढला. तिथे नायक जयवंताने त्याची मान धरली, आणि मान धरूनच पद सुरू केले. गाणे संपेपर्यंत दरोडेखोराने सुरा तसाच वर धरून थांबायचे, असा कंपनीचा रिवाज. लोकांनी वन्स मोर दिला. जयवंताने पुन्हा सगळे पद म्हटले. धोंडूच्या हाताला मुंग्या आल्या.

मग एकदाचा धक्का बसला आणि धोंडू खाडीत, म्हणजे दोघा गड्यांनी हलवत ठेवलेल्या निळ्या कापडात, पडला. त्याने हातपाय झाडले, घास अडकल्यासारखे तोंड उघडले, दोनदा वर आला आणि गेला. थिएटरात चिडीचूप झाले.

"ए धोंड्या, ऊठ. पोह."

सोनूबाई उभी राहिली होती.

"वरळीचा कोली हाय तो," ती आजूबाजूच्या बायकांना सांगू लागली. "खाडीत कसा बुडंल? कोलीवाड्यात तोंड कुठं दाखवू मी?"

थिएटर खदाखदा हसू लागले. कापडाखाली धोंडूला खरेच मरावेसे वाटले. विंगेतून पंत दात खात पुटपुटले, "तसाच पडून राहा. मेलेला माणूस आईला उत्तर देत नाही."

पण लोकांना आता चटक लागली होती. त्यांनी वन्स मोर दिला, तो गाण्याला नव्हे, बुडण्याला. आणि वन्स मोर नाकारण्याची कंपनीची छाती नव्हती. गड्यांनी मोडक्या पुलाशी गेलेला डबा ढकलत मागे नेला, रमाकांतने पुन्हा घाबरायला घेतले, आणि मेलेला दरोडेखोर खाडीतून निथळण्याचा आव आणत टपावर चढला.

जयवंत गात होता तेवढा वेळ धोंडूला विचार करायला मिळाला. बुडावे तर आई होडीवर नेणार. पोहावे तर पंत नाटक काढून घेणार. त्याने खाली पाहिले. आई अजून उभीच होती.

तो पडला आणि पोहू लागला. फळ्यांवर पोट घासत, हात लांब फेकत तो त्या निळ्या कापडातून असा सुटला, की कापड हलवणारे गडी मागे राहिले. मोडक्या पुलाशी पोचून त्याने घरंगळत येणाऱ्या डब्याला खांदा लावला आणि तो थांबवला. दरोडेखोराने वाचवले तर मुलीने काय करायचे हे रमाकांतला कोणी शिकवले नव्हते. गोंधळून त्याने नायकासाठी ठेवलेला हार धोंडूच्या गळ्यात घातला. लोक बाकांवर चढून नाचले. टपावर जयवंत एकटाच गात राहिला, त्याला कोणी वन्स मोर दिला नाही.

पडदा पडल्यावर धोंडू धापा टाकत आत आला. पंत रागाने थरथरत तोंड उघडणार, तेवढ्यात सोनूबाई टोपली घेऊन आत शिरली.

"आये, पोहलो ना मी?" धोंडूने विचारले.

"कसला पोहलास, सरपटत व्हतास."

धोंडूचा चेहरा उतरला. "मग पुनवेला होडीवर येऊ?"

सोनूबाईने पदराने त्याच्या गालावरचा रंग पुसायला घेतला.

"पयल्यांदा बुडलास ना, तवा खराच बुडलास," ती म्हणाली. "वरडले नसते तर जीव गेला असता माजा. होडीबिडी काय नको. तू हितंच ऱ्हा. हितं बुडलास तरी जेवायला घरी येशील."

पंतांचा राग कुठल्या कुठे गेला. ते हळूच म्हणाले, "बाई, मग उद्यापासून नियमाप्रमाणे बुडू दे ना त्याला?"

"बुडू दे," सोनूबाई टोपली उचलत म्हणाली. "मी बघायला यायची नाय."