तक्त्यातून काढलेली ओळ

“का राखीव, ते नको विचारूस. तिथे कुणीतरी राहतंय एवढं धर, आणि पुढच्या ओळीवर ये.”

वीस वर्षांपूर्वीचा मास्तरांचा आवाज. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कंपनीत तिला फर्मवेअर शिकवणारे. यंत्राच्या मेमरीचा तक्ता वाचून दाखवायचे ते जात्यावर बसल्यासारखे, एका लयीत: इथून इथवर मोकळं, इथून इथवर राखीव, इथून पुन्हा मोकळं. यंत्र चालू झालं की सगळ्यांच्या आधी जागं होतं ते फर्मवेअर. ते मेमरी मोजतं आणि तक्ता मांडून ठेवतं. मग कर्नल, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार बघणारा मुख्य प्रोग्रॅम, उठतो, तक्ता हातात घेतो आणि मोकळं लिहिलेल्या जागी आपला संसार मांडतो. तो उलट विचारत नाही. घरातली सगळी निजलेली असताना जिने अंगण झाडलं, तिच्या शब्दावर तो पाऊल टाकतो.

मास्तर गेले, तक्ता तिच्याकडे आला. एकवीस ओळींचा, ठिगळाठिगळांचा. तिला नीटनेटकेपणाची हौस. साडीची घडीसुद्धा काठाला काठ लागल्याशिवाय कपाटात जायची नाही. दोन वर्षांपूर्वी एका निवांत दुपारी ती तक्ता आवरायला बसली. दोन्हीकडे मोकळं रान आणि मधेच चौसष्ट किलोबाइटचा एक राखीव तुकडा. ना टीप, ना कारण. तिने तो मोकळ्यात मिळवून टाकला, बाकीच्याही सारख्या ओळी एकत्र केल्या. एकवीसच्या अकरा ओळी झाल्या. सगळ्यांनी वाहवा केली. नव्या माणसांना आता तोच तक्ता नमुना म्हणून दाखवतात.

आणि आता दवाखान्यातून बारा यंत्रं परत आली होती. रोग्याच्या उशाशी ठेवायचे मॉनिटर. मधूनच पडदा गोठायचा, नाडीची रेघ जिथल्या तिथे थांबायची. परिचारिका धावत यायची, रोगी तिच्याकडे बघून विचारायचा, काय झालं? इजा कुणाला झाली नव्हती, अजून.

कर्नलचं काम तिच्या दिराचं. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. आता वरच्या मजल्यावर बायको आणि दोन जुळ्या मुलींसह राहतो. कंपनीतही तो तिला वहिनीच म्हणतो, म्हणून सगळा मजला तिला वहिनी म्हणतो. तिच्याहून सहा वर्षांनी मोठे असलेले मॅनेजरसुद्धा.

तीन आठवडे त्याने आपला कोड ओळीओळीने विंचरला. डोळे आत गेले, शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला.

“तुमचा तक्ता सोडून सगळं तपासलं, वहिनी,” तो गेल्या आठवड्यात म्हणाला होता.

“तो का सोडलास?”

“घरच्या माणसाची झडती घेतात का?”

तो हसला होता. तिला त्या रात्री झोप लागली नाही.

परवा ती घरून केस वाळवायचं यंत्र पिशवीत घालून आली. जेवणाच्या सुट्टीत खोलीत कुणी नसताना एका मॉनिटरच्या बोर्डावर गरम हवा सोडली. नवव्या मिनिटाला पडदा गोठला. मग जुनी ओळ तक्त्यात परत घातली आणि पुन्हा हवा सोडली. तासभर रेघ हलत राहिली, उतरत राहिली, चढत राहिली. बोर्ड तापला की फर्मवेअरचाच एक पहारेकरी जागा होतो आणि आपल्या नोंदी त्या चौसष्ट किलोबाइटमध्ये लिहितो. तक्त्याने ती जागा मोकळी म्हटलेली, म्हणून कर्नलने तिथे भाडेकरू बसवलेले, नाडीची रेघ काढणारे प्रोग्रॅम. त्यांच्या पानांवर हा पहारेकरी गिरगटत होता. दिराचा कोड निर्दोष होता.

तिने ओळ पुन्हा काढली, चाचणीची नोंद पुसली, केस वाळवायचं यंत्र पिशवीत टाकलं.

पुढच्या आवृत्तीत गुपचूप घालता आली असती ती ओळ. “किरकोळ सुधारणा” एवढं लिहिलं की झालं. मॉनिटर बरे झाले असते, आणि ते का बरे झाले हे कुणी विचारलं नसतं. फक्त ठपका जिथे होता तिथेच, दिरावर, राहिला असता.

आज सकाळी नवऱ्याचा फोन आला. “वेडेपणा करतोय तो. राजीनामा लिहिलाय म्हणे. तू समजाव, तुझं ऐकतो.”

“हो,” ती म्हणाली.

चार वाजता मॅनेजर येणार होते. पावणेचारला दीर तिच्या टेबलाशी आला आणि कागद पुढे केला. “शुद्धलेखन बघून द्या जरा. जाता जाता हसं नको.”

चारच ओळी होत्या. चूक माझ्या भागातली असावी. ती मला सापडली नाही, हीही माझीच चूक. यापुढे रोग्यांच्या यंत्राला मी हात लावणं बरोबर नाही.

“मुलींना सांगितलंस?” तिने विचारलं.

“त्यांना आनंदच झालाय. बाबा घरी राहणार म्हणून.” तो खुर्ची ओढून बसला. “खरं सांगू, वहिनी? नोकरीचं नाही एवढं. आता माझा मला भरवसा वाटत नाही. काल गॅस बंद केला की नाही, ते तीनदा जाऊन बघितलं.”

तिने कागद पुन्हा वाचला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मॅनेजर आले, बाकावर मांडलेल्या बारा मॉनिटरांवरून नजर फिरवत स्टुलावर टेकले. “काय वहिनी, दिराला जेवायला घालता की नाही? पार चिपाड झालाय.”

दिराने तिच्या हातातला कागद घ्यायला हात पुढे केला. तिने तो सोडला नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं ते. तीन दिवस एक ओझं डोक्यावर घेऊन ती जिने चढली होती, भाकऱ्या थापल्या होत्या, जुळ्यांच्या वेण्या घातल्या होत्या, आणि आता ते तोलून धरायला मानेत बळच उरलं नव्हतं.

“वहिनी, सोडा ना,” तो हळूच म्हणाला. “फाटेल.”

“फाटू दे,” ती म्हणाली. मॅनेजरांकडे तिने बघितलंच नाही, त्याच्याकडेच बघत राहिली. “तुझ्या कोडमध्ये काही नाही. तक्त्यातली एक राखीव ओळ मी काढली होती, दोन वर्षांपूर्वी. नीट दिसावं म्हणून. त्यानेच ही यंत्रं बंद पडतात. आणि हे मला आज कळलेलं नाही. मला परवापासून माहीत आहे.”