दुपारचा पहारा

बेटावर पाय ठेवला तेव्हा एका हसऱ्या मुलीने दगडूबुवांच्या मनगटात निळा प्लास्टिकचा पट्टा अडकवला. त्यांच्या मुलाने, सुदेशने, त्यांना समजावलं, की हा हातात असला की झालं. नाश्ता, जेवण, शहाळी, सरबतं, होडीतली चक्कर, सगळं ह्यातच आलं. आबांनी फक्त मागायचं. बुवांनी पट्टा एकदा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "बरं आहे."

बायको रतनबाई गेल्यापासून त्यांचं उत्तर हेच होतं. घोडबंदर रोडला आमच्याकडे राहायला या म्हटलं तरी बरं आहे, वर्तकनगरच्या घरीच राहा म्हटलं तरी बरं आहे. जेवणात मीठ राहून गेलं तरी बरंच असायचं. सुदेशला ह्या दोन शब्दांची धास्ती बसली होती. डोंबिवलीहून त्याचा मामा समाचाराला आला, तो म्हणाला की माणूस रडला की मोकळा होतो, ह्यांना कुठेतरी बाहेर घेऊन जा. सुदेशने ऑफिसात सुट्टी टाकली आणि मालदीवचं हे बेट बुक केलं. आता आबा कुठल्याही गोष्टीला नाही म्हणत नव्हते, तेव्हा इथेही आले.

एका माणसाला मात्र त्यांनी बरं आहे म्हटलं नव्हतं. तो म्हणजे वर्तकनगरच्या भजनी मंडळाचा रत्नदीप. माघातला सप्ताह तोंडावर आला होता आणि वीणेच्या पहाऱ्याला बुवा ह्या वर्षी उभे राहणार का, एवढंच त्याला विचारायचं होतं. आधी घरी येऊन त्याने विचारलं, मग फोनवर. निघायच्या आदल्या दिवशी रत्नदीप पुन्हा आला आणि दारातूनच म्हणाला, "बुवा, तुमचं नाव खोडायला हात होत नाही. पण तिकडून तरी कळवा. नाहीतर दुसरं कुणी बघतो."

ज्यांनी सप्ताह पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. सप्ताह बसला की देवापुढे सातही दिवस अखंड नामस्मरण चालतं आणि वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. ती जमिनीला टेकवायची नाही, खुंटीला लावायची नाही, तार थांबू द्यायची नाही. आपला पहारा संपला म्हणून माणूस निघून जात नाही. पुढचा येऊन वीणा गळ्यात घेईपर्यंत तो उभाच राहतो. आणि घेणाऱ्याने आधी देणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवायचं. तिथे वय बघत नाहीत. वीणा असेल तोवर तो माणूस साक्षात नारद, मग तो कॉलेजात जाणारा पोरगा का असेना. वागळे इस्टेटच्या कारखान्यात फिटर असताना बुवा पाळी संपवून तसेच पहाऱ्याला येऊन उभे राहायचे. एकदा पुढचा माणूस आलाच नाही तर त्याचाही पहारा त्यांनी काढला, पाय सुजले तरी. कीर्तनकार येत, चांगली निरूपणं करत, लोक माना डोलवत. बुवा मागे भिंतीपाशी तार छेडत उभे. कीर्तन कुणाचं का असेना, वीणा आपली, असं रतनबाई गमतीने म्हणायच्या.

रतनबाई नौपाड्यातल्या हॉस्पिटलात होत्या तेव्हा बुवांनी घरच्यांना हाच नियम घालून दिला होता. रतनबाईंना बोलता येत नव्हतं, पण हात धरला की बोटं आवळायच्या. तो हात मोकळा ठेवायचा नाही, असं ठरलं. रात्री सुदेश बसे, सकाळी त्याच्याकडून बुवा हात घेत, संध्याकाळी ऑफिस सुटलं की सून प्राची येऊन बुवांकडून घेई. नवा माणूस आपला हात खालून घाली, मगच जुना सोडी. सुदेश पहिल्या दिवशी अवघडला होता. प्राचीला कुणी शिकवलं नव्हतं, तरी ती आली की आधी वाकून सासऱ्यांना नमस्कार करायची आणि मग म्हणायची, "सोडा आता."

शेवटच्या संध्याकाळी तिची रिक्षा कापूरबावडीला अडकली. नर्सने घाईने एक इंजेक्शन खालच्या मेडिकलमधून आणायला सांगितलं. बुवा दाराकडे बघत थोडे थांबले. मग त्यांनी रतनबाईंचा हात चादरीवर ठेवला आणि लिफ्टने खाली गेले. दुकानात गर्दी होती. इंजेक्शन घेऊन वर आले तर पडदा ओढलेला, आणि प्राची खांद्याला पर्स लावून बाहेर उभी.

वीणा एकदाही खाली न ठेवलेल्या माणसाने हात खाली ठेवला. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. रडून सांगावं असं काही आत हलतही नव्हतं. फक्त रत्नदीप दिसला की वाटायचं, आता कुठल्या तोंडाने वीणा गळ्यात घ्यायची? आणि नाही म्हणायचं तर कारण काय सांगायचं?

बेट छान होतं. म्हणजे सगळे तसं म्हणत होते. वाळू रांगोळीसारखी पांढरी, पाणी आधी हिरवं आणि मग निळं, लाकडी खांबांवर उभी असलेली घरं. पलंगावर रोज टॉवेलचा हंस करून ठेवलेला असायचा. नात सान्वी तो मोडायला तयार नव्हती, त्यामुळे खुर्चीवर हंसांची रांग लागली होती. बुवा व्हरांड्यात बसून पाणी बघायचे. पाणी दिसायचं, पण बघितल्यासारखं वाटायचं नाही. पंगतीत वाढपी पुढे निघून जावा आणि आपल्याला त्याचं काही वाटू नये, तसं.

जेवणाच्या दालनात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पदार्थ मांडलेले. बुवा माळकरी. प्राची रोज ताट घेऊन आचाऱ्याकडे जायची, अंडं नाही, मासा नाही, कांदा-लसूण नाही असं समजावून सांगायची. त्यातून उरायचा भात, दही आणि अननस. घरून आणलेल्या मेथीच्या पुऱ्या ती पर्समधून हळूच काढून त्यांच्या ताटात ठेवायची. सान्वीने बाबाला सांगितलं, की आबा आता अननस होणार, डोक्यावर पानंपण येतील. सुदेश जरा जास्तच मोठ्याने हसला आणि आबांकडे बघायला लागला. बुवा म्हणाले, अननस बरा आहे.

सुदेशचं चुकत नव्हतं. तो धडपडत होता. सकाळी त्याने त्यांना आरामखुर्चीत बसवलं, हातात छत्री खोचलेलं कलिंगडाचं सरबत दिलं, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मामांचा लगेच अंगठा आला. सुदेशने विचारलं, की आबा, जरा रिलॅक्स वाटतंय ना? बुवांनी सरबत संपवलं. ते गोड होतं की नाही हे त्यांना सांगता आलं नसतं.

त्या दुपारी सुदेश होडीतून लांब मासे बघायला गेला. प्राचीला मालिश होतं, तेही पट्ट्यातच होतं. सान्वी आजोबांजवळ राहिली आणि थोड्याच वेळात तिने हट्ट धरला, की तिला इथल्या इथेच मासे बघायचेत. चष्मा होता, तोंडात धरायची नळी होती, तरंगायचं जाकीट होतं. भीती तेवढी जात नव्हती. म्हणून आबांनी पाण्यात उभं राहायचं आणि हात धरायचा.

बुवा सुदेशच्या अर्ध्या चड्डीत आणि स्वतःच्या सदऱ्यात कमरेएवढ्या पाण्यात उतरले. सान्वीने त्यांचा डावा हात पकडला, नळी तोंडात घेतली, पुन्हा काढली.

"आबा, सोडायचा नाही हां. मी सांगेपर्यंत नाही."

"नाही सोडत."

तिने तोंड पाण्यात घातलं आणि आडवी झाली. मधूनच तिचा पाय हलायचा, मासा दिसला की बोटं घट्ट आवळली जायची. बुवा उभे राहिले. ऊन होतं, पण वारा होता. किनाऱ्यावर कुणीतरी वाद्य वाजवत होतं, ते थांबलं. खूप वेळ गेला असावा. त्यांच्या खांद्यातून एक कळ निघाली आणि मानेपर्यंत गेली.

ही कळ त्यांच्या ओळखीची होती. पहारा निम्मा सरला की ती यायची. ह्या दिवसांत त्यांना अंगात जाणवलेली ही पहिलीच गोष्ट. ती आली की भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायचा असतो. पाय आपोआप तसे झाले. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपला उजवा हात छातीशी आलाय आणि तर्जनी हलतेय. तार नव्हती. तोंडातून नामही निघत नव्हतं. बोट तेवढं चाललं होतं. त्यांनी त्याला थांबवलं नाही.

प्राची मालिश करून घेऊन आली ती केसांना तेल चोपडून, पंजाबी ड्रेसमध्ये. तिने दुरून दोघांना पाहिलं, चपला काढल्या आणि तशीच पाण्यात आली. आबा दमले असणार, हे तिला उभं राहण्यावरूनच कळलं. ती जवळ आली, वाकली, पाय पाण्यात होते म्हणून तिथलंच पाणी हाताने शिवून कपाळाला लावलं. मग सान्वीच्या मनगटाखालून आपला हात घातला.

"सोडा आता," ती म्हणाली.

बुवांनी हात सोडला नाही. ते तिच्या हाताकडे बघत राहिले. सान्वीचे कान पाण्यात होते. तिला काही कळलं नाही.

"त्या दिवशी तू कधी आलीस?" त्यांनी विचारलं.

कुठल्या दिवशी, असं प्राचीने विचारलं नाही. तिने किनाऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तुम्ही लिफ्टने खाली गेलात तेव्हा मी जिन्याने वर आले. लिफ्टला गर्दी होती. खोलीत आले तर आईंचा हात चादरीवर होता. मी धरला."

"तू धरलास."

"हो. मग नर्स आली, मशीन बघायला लागली. डॉक्टर आले. त्यांनी मला बाहेर काढेपर्यंत हातातच होता."

बुवांना वाटलं, आपल्याला पुढचं विचारता येणार नाही. पण आलं. "आवळला होता तिने?"

"आधी हो. मग नाही. गरम होता, आबा. मी सोडला तेव्हासुद्धा गरम होता."

पाण्याखालून एक पिवळा मासा त्यांच्या पायांमधून गेला. सान्वीने दोघांचे हात आवळले.

ती का बोलली नव्हती, हे मग प्राचीने तुटक तुटक सांगितलं. आधी वाटलं की आबांना माहीत असेल. मग कळलं की त्यांना माहीत नाही, तेव्हा जास्तच अवघड झालं. इतकी वर्षं आबांची आणि शेवटी हात आपल्या हातात, हे त्यांना कसं सांगायचं? "आणि तुम्ही दिला नव्हतात ना हात. मी आपला उचलला. न विचारता घेतल्यासारखं वाटत होतं."

बुवांनी मान हलवली. त्यांना रडू आलं नाही. छातीवर ठेवलेला दगड निघाला, असंही काही झालं नाही. खांदा दुखत होता, आणि तो आपलाच खांदा आहे एवढं स्वच्छ कळत होतं. हात जमिनीला टेकला नव्हता. मधे कुणीतरी घेतला होता. फक्त घेणाऱ्याने देणाऱ्याला सांगितलं नव्हतं आणि देणाऱ्याने मागे वळून पाहिलं नव्हतं.

त्यांनी सान्वीचा हात सोडला. आता तो प्राचीच्या हातात होता.

ते तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "रत्नदीपला फोन लाव आज. त्याला सांग, दुपारचा पहारा बायकांचा असतो, त्यात तुझं नाव घालायला."

प्राची घाबरली. तिला ना भजन येत, ना हरिपाठ पाठ. ऑफिसला काय सांगायचं? आणि वीणा तिने कधी हातात धरलेली नाही.

"उभं राहायचं असतं फक्त," बुवा म्हणाले. "बाकी देव करून घेतो. तुझ्यानंतरचा पहारा माझा, असं सांग रत्नदीपला. तुझ्याकडून घेईन."

सान्वी धापा टाकत वर आली. चष्मा कपाळावर सरकवून तिने पिवळा मासा, काळा मासा आणि एक अगदीच काठीसारखा मासा, असं सगळं सांगितलं. हात बदललाय, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. तिने तक्रार केली, की मम्मी घट्ट धरते, दुखतं. आता पुन्हा आबा.

बुवा पुढे सरकले आणि वाकले. पाणी छातीपर्यंत आलं, सदरा फुगला. प्राचीच्या पायांपाशी पाण्यात हात घालून तो त्यांनी कपाळाला लावला.

"आबा, काय करताय," प्राची मागे सरली, पण लेकीचा हात तिने सोडला नाही. "मी सून आहे तुमची."

"घेताना वय बघत नाहीत," ते म्हणाले. त्यांनी सान्वीच्या मनगटाखालून आपला हात घातला. मनगटातला निळा पट्टा आणि गळ्यातली तुळशीची माळ, दोन्ही ओली झाली होती. "सोड आता."