काहिलीवरचा कान

कुणाला सांगून पटायचं नाही, पण खिळ्याला टांगलेलं ते काडेपेटीएवढं, उष्णता मोजणारं यंत्र लालासाहेबाला भ्यायलं होतं. उसाच्या रसाच्या काहिलीत सोडलेली त्याची तारेची शेपटी थरथरत होती, आणि लालासाहेबानं नजर रोखली की काचेतले तांबडे आकडे चळाचळा कापायला लागत – ९७... ९८... पुन्हा ९७... म्हणजे ज्याला स्वतःचंच खात्रीनं सांगता येत नाही, तो मला सांगणार गूळ झाला का नाही ते! एकावन्न हंगाम काहिलीवर काढले मी. तुझ्यासारखी शंभर यंत्रं वितळवून त्यांचं एक उलथनं होईल, असं त्यानं मनातल्या मनात बजावलं तेव्हा तर आकडा सरळ ९६वर उतरला. खोटं वाटत असेल तर यंत्रालाच विचारा.

गुऱ्हाळमालकाच्या पोरीनं, कीर्तीनं, येऊन यंत्राचं तोंड भिंतीकडं फिरवून ठेवलं.

"लालाकाका, आजची पहिली काहील तुमच्या कानावर," ती म्हणाली. "तुम्ही 'बास' म्हणाल तेव्हाचा आकडा मी फक्त वहीत लिहीन, तुम्हाला सांगणार नाही. गूळ बसला, तर यंत्र खिळ्यालाच राहील. नाही बसला तर..."

"तर काय?"

"तर उद्यापासून जाळावरच्या हरणामावशी आकडा बघून काहील उतरवतील. तुम्ही पुढं दुकानात बसायचं. खुर्ची आणलीय मी. गिऱ्हाइकांना गोष्टी सांगायच्या. लोकांना लय आवडतात तुमच्या गोष्टी."

खुर्ची त्यानं सकाळी सायकल टेकवतानाच बघितली होती. रस्त्याच्या कडेला, 'नैसर्गिक गूळ, काकवी' या पाटीखाली, तांबड्या प्लास्टिकची, हात असलेली. कराडकडून तासगावला जाणाऱ्या गाड्या थांबणार, पोरं उतरणार, मोबाईल पुढं धरणार – आजोबा, एक गोष्ट सांगा की. आणि मागं शेडमधून रसाची वाफ यायची, कोण कधी उतरवतंय कळायचं नाही... सम्मेदअण्णांची ही पोरगी वाईट नाही, हे त्याला ठाऊक होतं. अण्णा गुडघे धरून घरी बसल्यापासून गुऱ्हाळ तीच ओढत होती, आणि शिकून आली होती ती पाकाचंच. वाईट असती तर बरं झालं असतं. वाईट माणसाशी भांडता येतं. ही खुर्ची आणते, वर तिला उशीपण आणते.

"बसंल," तो म्हणाला. "गूळ बसंल. मी न्हाई बसणार."

रसाला उकळी फुटत होती. त्यानं भेंडीचं पाणी सोडलं, वर आलेली काळपट मळी झाऱ्यानं काढून बादलीत टाकली. हात आपोआप चालत होते, चालू दे. खरं काम हातांचं नव्हतंच. हात कुणालाही असतात. खरं काम शेवटच्या दोन मिनिटांचं – काडीवर पाक घ्यायचा, गार पाण्यात बुडवायचा, चिमटीत त्याची गोळी वळायची आणि काहिलीच्या काठावर मारायची. कच्ची असली तर चिकटते, मुकी राहते. झाली असली की टण् करते. त्या टण्-वर 'बास' म्हणायचं, आणि चौघांनी काहील उचलायची. अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तर गूळ करपट, अर्ध्या मिनिटाची घाई झाली तर ढेप आठवड्यात पाझरायला लागते. या टण्-साठी त्याला पाटणपासून मिरजेपर्यंत बोलावणी यायची, अशी त्याची ख्याती होती. निदान तो तरी तशी सांगायचा.

आणि ती टण् त्याला गेल्या वर्षीपासून ऐकू येत नव्हती.

आधी कुकरची शिट्टी गेली. सून शिट्टी न होताच कुकर उतरवते म्हणून तो तिच्यावर दोनदा ओरडला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की सून शिट्टी ऐकून आत पळतेय आणि आपण अजून वाट बघतोय. मग शेवग्यावरची चिमणी गेली. मग एक दिवस गोळी काठावर मारली आणि... काहीच नाही. जणू कापसावर मारली. त्या दिवसाबद्दल मात्र त्यानं कधी गोष्ट रचली नाही. गोळी पुन्हा वळली, पुन्हा मारली, आणि घाबरून समोर बघितलं, तर खाली चुलवाणाच्या तोंडाशी बसलेल्या हरणाबाईचा हात चिपाडाच्या भाऱ्यावर थांबला होता. उसाचं वाळलेलं चिपाड जाळात ढकलणारा तो हात, तीस हंगाम न थकलेला, टण् ऐकून आपसूक थांबला होता. आता 'बास' येणार आणि जाळ ओढायला लागणार, एवढंच तिच्या हाताला माहीत.

"बास!" लालासाहेब ओरडला होता. गूळ सोन्यासारखा बसला.

तेव्हापासून वर्षभर तो गोळी मारायचा आणि हरणाबाईच्या हाताकडं बघायचा. सगळं गुऱ्हाळ त्याच्या कानाकडं बघत असायचं; चुलवाणाच्या तोंडाकडं कोण कशाला बघतंय? पाहुणे यायचे, फोटो काढायचे, म्हणायचे, काय कान आहे म्हाताऱ्याचा! आणि तो कान हलवून दाखवायचा. ही चोरी होती का? त्यानं स्वतःला बरेचदा विचारलं होतं आणि बरेचदा उत्तर द्यायचं टाळलं होतं. माणमधून ऊसतोडीला आलेली ती बाई, मुंबईला गेलेला नवरा फिरकला नाही म्हणून इथंच राहिलेली. तिला कळलं होतं का, की खरी गुळव्या, गूळ कधी उतरवायचा ते सांगणारी, ती आहे? कळलं असतं तर बोलली असती. हरणाबाई बोलल्याशिवाय राहणाऱ्यातली नव्हती.

पण आज चुलवाणाच्या तोंडाशी हरणाबाई नव्हती. तिथं पंखा होता. कालच बसवलेला, चिपाड आपोआप ओढून आत फेकणारा, आणि असा घोंघावणारा की लालासाहेबालासुद्धा ऐकू येत होता. हरणाबाई वर उभी होती, काहिलीच्या पलीकडं, पदर खोचून, मोकळे हात घेऊन. त्या मोकळ्या हातांकडं बघून त्याला उघड्यावर अंघोळीला बसवल्यासारखं झालं.

"ह्या घरघरीत कुणाला ऐकू येणार हाय?" हरणाबाई कीर्तीला म्हणाली. "बंद करा थोडा येळ. न्हाईतर त्येंचा कान कसा चालायचा?"

घे, लालासाहेबाला वाटलं. घे ही वाट. हो म्हण. पंखा बंद होईल, जाळ मंदावेल, आजचं उद्यावर जाईल, आणि पंख्यावर खापर फोडून तू आणखी एक हंगाम काढशील... कीर्तीचा हात बटणाकडं गेलासुद्धा होता.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "चालू ऱ्हाऊ दे पंखा. आणखी एक आणा. मला काय, किर्लोस्करवाडीला मालगाडी शंटिंग करती तेच्यातनं इथं गोळी ऐकू येती."

का बोललो मी हे? जिभेला हाड नाही म्हणून? की ती बाई माझ्यावर दया करत होती म्हणून? – दयेपेक्षा हरणं परवडलं, असं त्याला वाटलं, आणि लगेच, नाही, हरणंपण नाही परवडणार, असंही वाटलं.

पाक घट्ट होत चालला. बुडबुडे बारीक होते ते मोठे झाले, जड झाले, फुटताना ओठ मिटल्यासारखे मिटायला लागले. उजव्या हातात फावडं धरून तो ढवळत राहिला. वाफेत त्याला ज्ञानूआबा दिसले – त्याचे गुरू, ज्यांनी त्याच्या डोळ्यांना फडकं बांधून त्याला महिनाभर नुसत्या गोळ्या ऐकवल्या होत्या. आणि त्याच आबांच्या काहिलीत, एकदा ते पाणी प्यायला गेल्यावर, वीस-बावीस वर्षांच्या लालासाहेबानं पांढरी पावडर टाकली होती. बाजारात तेव्हा पिवळाधमक गूळ मागत होते. पावडर नवीन निघाली होती. गूळ हळदीसारखा निघाला. सगळे वाहवा म्हणाले. ज्ञानूआबांनी एक तुकडा तोंडात टाकला, थुंकला, पायात वहाणा घातल्या आणि कराडच्या रस्त्यानं चालायला लागले. हाक मारली तर मागं बघितलं नाही. पुन्हा कधी काहिलीवर उभे राहिले नाहीत. तेव्हा लालासाहेब हसला होता. म्हातारं झालंय, नवीन पटत नाही, म्हणाला होता. आणि आता पन्नास वर्षांनी ही पोरगी त्याच पावडरीला विष म्हणते, काळाच गूळ चांगला म्हणते, म्हणजे आबांचाच, फक्त आकडा लावलेला... आबा, तुम्ही गेलात ते चूक केलंत. मी जाणार नाही. मला उचलून न्यावं लागेल.

त्यानं काडीवर पाक घेतला, पाण्यात बुडवला, डाव्या हाताच्या चिमटीत गोळी वळली. अजून मऊ होती. त्यानं काठाकडं बघितलं. मारून काय होणार होतं? ही गोळी मुकी, पुढची मुकी, त्याच्या पुढचीही मुकीच. झालेल्या गोळीची आणि न झालेल्या गोळीची त्याच्या लेखी एकच जात. सवयीनं नजर हरणाबाईच्या हातांकडं निघाली. त्यानं ती मधेच ओढून धरली – म्हशीचं दावं ओढून धरावं तशी, मान दुखेपर्यंत. नाही. आज नाही बघायचं. खुर्चीवर बसायचं तर माझ्याच चुकीनं बसेन, दुसऱ्याच्या हातानं उभा राहणार नाही.

मग बघायचं कुठं? कुठंच नाही. त्यानं डोळे मिटले.

फावड्याच्या दांड्यातून काहिलीची थरथर मनगटात येत होती. ती रोजच येत असणार. एकावन्न वर्षं येत असणार, आणि कानाच्या तोऱ्यात त्यानं तिला कधी विचारलंच नव्हतं. आधी ती बारीक होती, मुंग्यांसारखी. मग विरळ. मग प्रत्येक बुडबुडा वेगळा कळायला लागला, दांड्याला खालून कुणीतरी बोटानं टिचकी मारावी तसा... फावडं जड झालं. आणखी जड. पाक मागं ओढायला लागला, सोडेना... मग एकदम, सांगता येणार नाही कसं, ओढ तीच राहिली पण तिच्यातला हट्ट गेला. पाक जणू म्हणाला, बरं.

"बास! उतरवा!"

आपला आवाज त्याला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. चौघे धावले, कड्यांत दांड्या घालून काहील उचलली, पाक गार करायच्या पसरट वाफ्यात ओतला. तांबूस, जाड, संथ. 'बास' कानावर पडताच कीर्तीनं यंत्र फिरवून बघितलं होतं, आता वहीत काहीतरी लिहिलं. तिच्या चेहऱ्यावरून काही वाचता येईना. या पोरींना शाळेत हेच शिकवत असतील.

आता तासभर वाट बघायची. वाफ्यात गूळ गार होईल, साच्यात जाईल, मग कळेल.

पंखा बंद केला आणि एकदम एवढी शांतता झाली की कीर्तीचं बोलणं त्याला अर्धंअधिक ऐकू आलं. ती त्याच्याजवळ येऊन बसली होती. "लालाकाका, खरं सांगा. एवढ्या आवाजात गोळी ऐकू आली?"

"आली म्हंजे?" जीभ आपली आपण सुटली, तिला सुटायला कधी वेळ लागला नव्हता. "अगं, मोतीबिंदूला मी मिरजेला दवाखान्यात हुतो. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. हितनं तुझ्या बापाचा फोन, लाला, काहील लागलीया, कसं करू? म्हणलं अण्णा, फोन काठाला धर आणि मार गोळी. मारली. मी हिकडनं म्हणलं, बास! शेजारच्या खाटंवर एक कर्नाटकातला पाव्हणा हुता, साखरंचा पेशंट. त्येला नुसत्या आवाजानं घाम फुटला, तपासलं तर साखर दोनशे! डॉक्टर म्हणले, आजोबा, फोन ठेवा, पेशंट दगावतील."

कीर्ती हसली. तिला हसवलं की अर्धं काम झालं, हे त्याला माहीत होतं.

"मग आजची काय अवघड? पंखा काय ओरडतोय! मी गोळी मारली, आणि टण् झाली ती अशी, पंखाच दचकून..."

"खोटं."

हरणाबाई समोर उभी होती. कमरेवर हात, तोंडावर अजून वाफेची लाली.

"मारलीच न्हाई गोळी तुमी. डाव्या मुठीत हाय अजून. वरीसभर माझ्या हाताकडं बघून बास म्हणत हुता, त्ये काय मला कळत न्हवतं व्हय? म्हणलं, म्हाताऱ्याचं चाललंय तर चालू द्या. पर आज माझ्याकडंबी बघितलं न्हाई. डोळंच मिटलं हुतं. मग कशावर म्हणला बास, आँ?"

कीर्तीचं हसू थांबलं. ती एकदा हरणाबाईकडं बघत होती, एकदा त्याच्या मुठीकडं.

लालासाहेबानं तोंड उघडलं. तिथं नेहमी काहीतरी तयार असायचं – एखादी मालगाडी, एखादा डॉक्टर, एखादा पूर. आता काहीच नव्हतं. लाज येईल म्हणून तो वाट बघत राहिला. लाज आली, पण एकटी आली नाही, तिच्याबरोबर दुसरंच काहीतरी आत घुसलं, आगाऊ, ताजं, दंड थोपटणारं. कशावर म्हणालो? सांगतो की. सांगता आलं की सांगतो. उघडं पडलो तर पडलो... बसू दे, नाहीतर न बसू दे. हात माझा होता.