मामा हसले की छापायचं

"मामा, ऐका," म्हणत धाकटे संपादक छपाईयंत्रापाशी आले.

या विनोदी साप्ताहिकाची ही जुनी रीत. पान यंत्रावर चढण्याआधी विनोद मशीनवाल्या मामांना वाचून दाखवायचा. मामा हसले तरच छापायचा. थोरल्या संपादकांनीच ती घालून दिली होती. ते मंत्र्यांची टोपी उडवायचे, त्यापायी तुरुंगातही जाऊन आले. पुढे ज्यांच्या बाजूनं ते लढले, तेच खुर्चीवर बसले. थोरले गेले, त्यांचे पुतणे हे धाकटे आले आणि हळूहळू वरच्यांना नमस्कार, रस्त्यावरच्यांना चिमटे असं सुरू झालं. मामांना कळत होतं. पण हसायची सवय मोडली नाही.

"रोगी ओरडतो, 'सिस्टर, जीव चाललाय!' सिस्टर म्हणते, 'जरा धरून ठेवा, माझे पाय अजून भिजायचेत!'"

मामा खो खो हसले. मग त्यांनी चित्र पाहिलं. संपावरची परिचारिका, बादलीत पाय सोडून खुर्चीत पेंगणारी.

 मामांची लेक परिचारिका, तीही संपावर. संपाआधी दोन-दोन पाळ्या करून आली की कोमट पाण्यात पाय सोडायची आणि बसल्या जागी झोपून जायची. परवा चहाच्या वेळी मामांनीच हे धाकट्यांना सांगितलं होतं.

"हे काढा, साहेब. पोर आहे माझी ती."

"अहो, नाव कुठंय तिचं? आणि मामा, तुम्हीच हसलात की!"

 यंत्राचा खटका मामांनीच दाबला.

अंक संपावर बसलेल्या बायकांपर्यंत पोचला. लेक घरी आली, हातपाय धुतले, दोघांची ताटं वाढली.

"बादलीचं तुम्ही सांगितलंत, बाबा?"

"कौतुकानं सांगितलं गं, बाळ."

"आणि छापलं?"

"मीच."

"सगळ्याजणी हसल्या. म्हटलं, आपणही हसावं. रडून आणखी शोभा कशाला?"

ती भांडली असती तर मामांना बरं वाटलं असतं. रोज जेवताना ती वॉर्डातलं सगळं सांगायची, संप लागल्यापासून तिथलंही. कोण बरं झालं, कोण औषध थुंकलं, कुणाची सासू भेटायला येऊन भांडून गेली.

"आज काय झालं गं तिकडं?"

"काही नाही."

मामा घास सावकाश चावू लागले, आवाज न करता. न जाणो, ती पुढं काही बोलली तर ऐकू यायला हवं.